पाठीवरची चूल

प्रवासाचा आणि साहसाचा इतिहास सांगताना आपण जहाजांचे, घोड्यांचे आणि होकायंत्राचे गुणगान करतो. परंतु मुक्कामाच्या ठिकाणी त्या प्रवाशांनी अन्न कशावर शिजवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याचे कारण उघड आहे. जेथे झाडे आहेत तेथे तीन दगड मांडले आणि काटक्या गोळा केल्या की चूल सिद्ध होते. मनुष्याने सहस्रावधी वर्षे तेच केले, आणि सह्याद्रीतले गडकोट हिंडणाऱ्या आपल्या तरुणांनीही दीर्घकाळ तेच केले. पण जेथे दृष्टी पोहोचेल तेथवर केवळ बर्फ आहे, तेथे चूल आणि सरपण ही दोन्ही पाठीवर किंवा ओढगाडीवर घालून न्यावी लागतात. तेथे चुलीचे वजन हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. आज मी आपल्याला ज्या चुलीची हकीकत सांगणार आहे, ती अशीच एक मुठीत मावणारी, स्पिरिटवर जळणारी चूल आहे.

प्रथम बर्फाचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. ध्रुवप्रदेशात किंवा हिमशिखरांवर मनुष्य पाण्याच्या साठ्यावर उभा असतो आणि तरीही तहानेने व्याकूळ होतो. बर्फ चघळून तहान भागत नाही. उलट तो वितळवण्यासाठी शरीराला आपली उष्णता खर्च करावी लागते. शून्य अंशावरील बर्फाचे त्याच अंशावरील पाणी करण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तितकेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापवता येते. म्हणजे चहाच्या एका पेल्यासाठी लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मे केवळ बर्फाचे पाणी करण्यातच खर्ची पडते. अशा प्रदेशात इंधन संपले की पाणीही संपते.

स्पिरिटची चूल रचनेने अत्यंत साधी. एक लहानशी वाटी, तिच्यात मद्यार्क, आणि वर भांडे ठेवण्यापुरता आधार. तिला पंप नाही, पिन नाही, वॉशर नाही. म्हणून बिघडण्यासारखेही तिच्यात काही नाही. ज्योतीला काजळी धरत नाही, आवाज होत नाही, आणि आग भडकलीच तर ती पाण्याने विझवता येते, कारण मद्यार्क पाण्यात मिसळतो. दोषही सांगितले पाहिजेत. तिची ज्योत भर दिवसा जवळजवळ दिसत नाही; त्यामुळे ती विझली असे समजून पुन्हा स्पिरिट ओतणाऱ्याचे हात पोळतात. कडक थंडीत मद्यार्काची वाफ लवकर होत नाही. आणि मुख्य दोष असा की, वजनास वजन घेतले तर मद्यार्कापासून मिळणारी उष्णता केरोसिनच्या सुमारे तीन पंचमांशच भरते.

या चुलीच्या इतिहासात एक प्रकरण सरकारी कागदपत्रांचे आहे, आणि शासकीय सेवेतील माणसाला ते विशेष मनोरंजक वाटते. मद्यार्क हे इंधन आहे तसेच ते पेयही आहे. आणि पेय म्हटले की त्यावर कर आला. 1849 साली लंडनमधील विख्यात फ्रेंच स्वयंपाकी अलेक्सी सोये याने जेवणाच्या टेबलावर ठेवण्याजोगी स्पिरिटची एक सुबक शेगडी विक्रीस आणली. पण करभार सोसून मद्यार्क जाळणे ही श्रीमंतांची चैन होती. 1855 साली ब्रिटनने कायदा करून लाकडापासून काढलेला विषारी द्रव मिसळलेल्या, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेल्या, मद्यार्कावरील कर माफ केला. अमेरिकेने तसाच कायदा 1906 मध्ये केला. यामुळे मद्यार्क स्वस्त इंधन म्हणून सामान्य माणसाच्या हाती आला. आपल्याकडे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यालाही या द्विरूपी पदार्थाचा स्वतंत्र विचार करावा लागला, आणि असे स्पिरिट पुन्हा पिण्याजोगे करण्यास त्यात मनाई घालावी लागली.

या स्वस्त इंधनाची खरी परीक्षा ध्रुवप्रदेशात झाली. 1888 साली नॉर्वेचा तरुण संशोधक फ्रित्योफ नान्सेन पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमाच्छादित पठार पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडून गेला. त्याच्याजवळ स्पिरिटची चूल होती; पण स्पिरिटचा साठा मोजका, म्हणून पाणीही मोजके. पत्र्याच्या चपट्या बाटल्यांत बर्फ भरून त्या ही मंडळी छातीशी, कपड्यांच्या आत बाळगीत, आणि अंगाच्या उबेने जे घोटभर पाणी सुटे त्यावर समाधान मानीत. या अनुभवातून नान्सेनने पुढे आपले प्रसिद्ध स्वयंपाकाचे भांडे तयार केले. मधल्या भांड्यात अन्न शिजत असता बाजूने निसटून जाणारी उष्णता बाहेरच्या भांड्यातील बर्फ वितळवी. जी ऊब पूर्वी हवेत विरून जात होती, तिचे आता पाणी होऊ लागले.

मधल्या काळात, 1892 साली, स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्हचा धंदा सुरू केला होता. हा स्टोव्ह आपल्याला परका नाही. हवा भरावयाची, काकडा पेटवावयाचा, पिन मारावयाची, आणि मग तो घरघर आवाज करीत निळ्या ज्योतीने जळू लागावयाचा, हे दृश्य आपल्या कित्येक पिढ्यांनी स्वयंपाकघरात रोज पाहिले. 1895 च्या मार्चमध्ये नान्सेन आणि योहान्सेन हे दोघे ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या गाडीवर प्रायमस होता. केरोसिनने स्पिरिटवर मात केली, असे त्या वेळी वाटले असल्यास नवल नाही.

तथापि रॉबर्ट पिअरी या अमेरिकन संशोधकाने स्पिरिट सोडले नाही. 1909 साली उत्तर ध्रुव गाठल्याचा त्याचा दावा पुढे वादग्रस्त ठरला. पण त्याने स्वतः सुधारलेल्या स्पिरिटच्या चुलीविषयी जे लिहून ठेवले आहे ते मननीय आहे. पूर्वीच्या सफरींत चहाला तासभर लागे, तो या चुलीवर सुमारे दहा मिनिटांत होऊ लागला. सकाळ-संध्याकाळचा हा वाचलेला वेळ झोपेला आणि चालीला मिळाला. चुलीची किंमत वजनाप्रमाणेच वेळातही मोजावी लागते, हे पिअरीने ओळखले होते.

यानंतर दक्षिण ध्रुवाची करुण कथा येते. रोआल्ड अमुंडसेनने 14 डिसेंबर 1911 रोजी तो ध्रुव गाठला. कॅप्टन स्कॉट आपल्या चार सोबत्यांसह तेथे पोहोचला तो 17 जानेवारी 1912 रोजी. परतीच्या वाटेवर स्कॉटने ठिकठिकाणी केरोसिनचे डबे ठेवविले होते. ते उघडून पाहावे तो प्रत्येक वेळी तेल कमी भरे! डब्यांच्या बुचांखाली चामड्याचे वॉशर होते. थंडीने ते ताठरले, आणि त्यांच्या फटींतून तेलाची वाफ निसटून गेली. अमुंडसेनने हा धोका ओळखून आपले डबे झाळून पक्के बंद केले होते. स्कॉटच्या मृत्यूला केवळ वॉशर कारणीभूत झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. उपासमार, हिमबाधा, विलक्षण थंडी आणि अखेरचे वादळ ही सर्व कारणे आहेतच. पण तेल कमी म्हणजे पाणी कमी, गरम अन्न कमी आणि ऊब कमी, हे तर खरेच.

स्कॉटच्या दैनंदिनीतील शेवटची नोंद 29 मार्च 1912 ची आहे. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला शोधपथकाला तो तंबू सापडला. अन्नाचे मोठे कोठार तेथून अवघ्या अकरा मैलांवर होते. पथकातील ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड याने पुढे आपल्या ग्रंथात तंबूतील वस्तूंचे वर्णन केले आहे. स्कॉटच्या जवळच एक दिवा होता: पत्र्याचा एक डबा आणि केसाळ कातडी बुटातून काढलेली वात. प्रायमस पेटवण्यापूर्वी तो तापवण्यासाठी नेलेले जे थोडे स्पिरिट उरले होते, ते या दिव्यात जाळलेले होते. त्याच्या उजेडात स्कॉटने अखेरपर्यंत लेखन केले असावे, असे चेरी-गॅरार्डला वाटले. स्टॉकहोमचे कौशल्याने घडवलेले यंत्र तेलावाचून निकामी झाले होते. डबा, वात आणि उरलेसुरले स्पिरिट एवढेच काय ते अखेर उपयोगी पडले.

हाच धडा पुढे हिमालयात मिळाला. 27 मे 1952 च्या रात्री स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेर आणि आपले तेनसिंग हे दोघे एव्हरेस्टवर सुमारे 8,400 मीटरवर एका तंबूत होते. त्यांच्यापाशी स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर डबा धरून त्यांनी थोडा बर्फ वितळवला. दुसऱ्या दिवशी शिखर अडीचशे-तीनशे मीटर उंचीवर राहिले असता त्यांना परतावे लागले. पुढील वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी गिर्यारोहकांनी भरपूर पाणी प्यावे असा आग्रह धरला होता. 29 मे 1953 च्या पहाटे शेवटच्या छावणीत स्टोव्ह पेटलेला होता. तेनसिंग आणि हिलरी यांनी गरम पेय पोटभर घेतले, हिलरीने गोठलेले बूट त्याच स्टोव्हवर नरम केले, आणि मग ती दोघे निघाली.

इकडे साधी स्पिरिटची चूल मागे पडली, पण विसरली गेली नाही. स्वीडनमधील ट्राँग्सविकेन या गावी 1925 साली ट्रँगिया ही भांडी बनवणारी संस्था स्थापन झाली. 1951 मध्ये तिने वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण करणारा आडोसा आणि भांडी यांसह स्पिरिटची चूल बाजारात आणली. ती आजही विकली जाते. गेल्या काही दशकांत अमेरिकेतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीच्या ॲपलेशियन वाटेसारख्या दीर्घ पायवाटा तुडवणाऱ्यांनी तर थंड पेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा कापून स्वतःच चूल करण्याचा परिपाठ पाडला. तिचे वजन काही ग्रॅमच भरते. वाटेवरच्या लहान गावांतही मोटारवाल्यांसाठी विकले जाणारे मिथेनॉल तिला चालते. मात्र ते भयंकर विषारी असते हे विसरता कामा नये. शिवाय या चुलीला विझवण्याची चावी नसल्याने, कोरड्या ऋतूत वणव्याच्या भयाने अनेक अरण्यांत तिला मनाई केली जाते. केरोसिनचा स्टोव्ह जड, पण त्याचे इंधन ताकदीचे; स्पिरिटची चूल हलकी, पण तिचे इंधन दुबळे. म्हणून चारपाच दिवसांच्या वाटेला स्पिरिट परवडते. महिनाभर बर्फात राहावयाचे तर केरोसिनच बरे.

श्रोतेहो, वजन कमी करणे ही प्रवाशाची पहिली विद्या आहे, यात शंका नाही. परंतु इतिहास असे सांगतो की, ओझे उतरवताना चुलीवर आणि तिच्या इंधनावर हात टाकणाऱ्याने फार विचार करावा. कारण बर्फाच्या प्रदेशात तीच त्याची विहीर असते. आज तरुण हौसेने कापतात तो डबा आणि स्कॉटच्या उशाशी सापडलेला तो डबा यांच्या रचनेत फारसा फरक नाही. फरक एवढाच की, एक निवडून बरोबर घेतलेला आहे आणि दुसरा सर्व काही संपल्यावर हाती उरलेला होता.