सहवास आणि भाषाभेद : जॉन गंपर्झ यांचे संशोधनकार्य

माणसे नित्य एकत्र वावरू लागली म्हणजे त्यांच्या बोलींतील भेद ओघानेच नाहीसे होतात, ही समजूत भाषाभ्यासात दीर्घकाळ रूढ होती. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याच्या आधारे तिची मर्यादा दाखवून देणाऱ्या अभ्यासकांत जॉन गंपर्झ यांचे स्थान अग्रगण्य होय.

गंपर्झ यांचा जन्म १९२२ साली जर्मनीतील हाटिंगेन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून ते अमेरिकेत आले. प्रथम रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन पुढे ते भाषाशास्त्राकडे वळले. मिशिगनमधील जर्मन वसाहतींच्या बोलीवर प्रबंध लिहून त्यांनी १९५४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर बर्कली येथील विद्यापीठ ही त्यांची कर्मभूमी झाली.

उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातील खालापूर या गावाविषयीचा त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा कामानिमित्त इतरांशी रोज संबंध येई. तथापि त्यांची बोली निराळीच राहिली होती. यावरून गंपर्झ यांनी असा निष्कर्ष काढला की, बोलीवर परिणाम करतो तो बरोबरीचा व मैत्रीचा संबंध. कामापुरते संभाषण त्यास पुरेसे होत नाही.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे या विचाराची दुसरी बाजू दिसून आली. रॉबर्ट विल्सन यांच्यासह लिहिलेला तेथील अभ्यास १९७१ मध्ये प्रकाशित झाला. जैन व लिंगायत यांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, इतर काहींच्या घरी मराठी, आणि थोड्यांच्या घरी तेलुगू. गावातील बहुसंख्यांची ती घरभाषा नसल्यामुळे मिश्र संभाषणात मराठी सर्वांस तटस्थ वाटे. दीर्घ सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की, एकीचे वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येई. शब्द मात्र वेगळे राहिले, कारण घरातील भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती.

लंडनच्या विमानतळावरील उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया वाढताना पदार्थाचे नाव उतरत्या सुरात उच्चारीत. इंग्रज कर्मचाऱ्यांस तो प्रश्न वाटत नसे, उद्धटपणा वाटे. शब्द एकच असूनही केवळ सुरामुळे माणसाविषयी मत बनते, हे गंपर्झ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात विशद केले.

२०१३ साली त्यांचे निधन झाले. बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाने कोण, कोणाशी आणि कोणत्या नात्याने बोलत आहे याचीही नोंद केली पाहिजे. अन्यथा भेद नोंदले जातील, परंतु ते का टिकले याचे उत्तर मिळणार नाही, हाच त्यांच्या कार्याचा बोध होय.