मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको

अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–८४) यांचे कृष्णधवल छायाचित्र. अपुऱ्या प्रकाशात निघालेली निगेटिव्ह डार्करूममध्ये किती सावरता येते, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९४१ च्या शरद ऋतूत चामा खोऱ्यातून सांता फेकडे परतताना अ‍ॅडम्स यांना हर्नांडेझजवळ चर्च, मावळतीच्या उन्हात उजळलेले दफनभूमीतले क्रूस आणि वर चंद्र दिसला. गाडी थांबवून त्यांनी ८×१० इंची कॅमेरा घाईने उभा केला, पण लाइट मीटर काही सापडेना. चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल, त्यांना पाठ होती. तेवढ्यावर हिशेब करून त्यांनी एफ/३२ वर एक सेकंदाचे एक्स्पोजर दिले. दुसरी फिल्म घेईपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले. निगेटिव्ह एकच राहिली. नेमकी तारीख अ‍ॅडम्स यांनाही आठवत नव्हती. चंद्राच्या स्थितीवरून खगोल-अभ्यासकांनी ती पुढे १ नोव्हेंबर ठरवली.

हिशेब चंद्राचा, त्यामुळे चंद्र नीट आला. पुढची जमीन मात्र निगेटिव्हवर फारच पातळ उतरली. ती वाचवण्यासाठी अ‍ॅडम्स यांनी फिल्म डेव्हलपर आणि साधे पाणी यांत आळीपाळीने ठेवली. पाण्यात असताना उजळ भागांतला डेव्हलपर लवकर संपतो, सावलीतला काम करत राहतो. तरीही प्रिंट काढणे जिकिरीचेच होते. एन्लार्जरखाली आकाशाला हाताने जादा प्रकाश द्यायचा (बर्निंग), काही भाग झाकून धरायचे (डॉजिंग), आणि हे दर प्रिंटला नव्याने. अखेर १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या फक्त खालच्या भागावर इंटेन्सिफायर चालवला. एकुलत्या एका निगेटिव्हवर असे रसायन चालवायला छातीच लागते. हे रसायन आधी उमटलेल्या चांदीवर आणखी चांदी चढवते. जिथे काहीच उमटलेले नाही, तिथे ते काही निर्माण करत नाही. क्रुसांभोवतीची झुडपे उठून आली, कारण त्यांची पुसट खूण फिल्मवर आधीपासून होती. डिजिटल फाइलमधली सावली उजळतानाही मर्यादा हीच असते.

या निगेटिव्हवरून अ‍ॅडम्स यांनी पुढे तेराशेहून अधिक प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये चंद्राच्या वर ढगांचे विरळ पट्टे आहेत. उत्तरकालीन प्रिंटमध्ये ते आकाश जवळजवळ काळे होते आणि चंद्र एकटा उरतो. प्रभाव त्यानेच वाढला. संध्याकाळ मात्र ढगांच्या प्रिंटमध्ये अधिक जाणवते.