चुकीचा हिशेब: शिकणाऱ्या यंत्राची कथा

विद्यार्थ्याच्या वहीतील लाल शाईची खूण फक्त ‘चुकले’ एवढेच सांगते. किती चुकले व कशामुळे चुकले, हे समजल्याशिवाय सुधारणा होत नाही. यंत्राला शिकविण्याचा इतिहासही हेच सांगतो.

१९४३ मध्ये अमेरिकेतील वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशीचे गणिती प्रतिरूप मांडले. येणाऱ्या संदेशांची बेरीज ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचली की पेशी संदेश पुढे धाडते, अशी ती कल्पना होती. परंतु ही पेशी अनुभवातून शिकत नव्हती.

ती उणीव फ्रँक रोझेनब्लाट यांच्या ‘परसेप्ट्रॉन’ने भरून काढली. १९५८ मध्ये त्याचा गाजावाजा झाला. पुढे बांधलेल्या यंत्राला ४०० प्रकाशसंवेदी घटांचा ‘डोळा’ होता. उत्तर चुकले की प्रत्येक संदेशाला दिलेले महत्त्व, म्हणजेच त्याचा भार, बदलला जाई. उत्तर बरोबर आले तर काहीही बदलत नसे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक बर्नार्ड विड्रो व त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९५९-६० मध्ये एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे ‘अ‍ॅडलाइन’ यंत्र किती चुकले तेही मोजी. बेरीज १ यावयास हवी असता ०.४ आली, तर चूक ०.६. चूक मोठी तर दुरुस्ती मोठी, लहान तर लहान.

तथापि १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की व सीमोर पॅपर्ट यांनी एक मर्यादा सिद्ध केली. ‘दोन दिव्यांपैकी नेमका एकच लागला आहे काय?’ हा साधा प्रश्नही पेशींच्या एका थराला सुटत नाही. अनेक थर घ्यावेत, तर आतील कोणत्या पेशीमुळे किती चूक झाली हे ठरविणे कठीण होते. संशोधनाचा उत्साह ओसरला. १९७१ मध्ये रोझेनब्लाट नौका-अपघातात वारले. ते अवघे ४३ वर्षांचे होते.

विड्रो-हॉफ यांचा नियम मात्र दूरध्वनीवरील प्रतिध्वनी घालविण्याच्या कामी उपयोगी पडत राहिला. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी चुकीचा हिशेब शेवटच्या थरापासून मागे नेत प्रत्येक पेशीचा वाटा ठरविण्याची रीत परिणामकारक असल्याचे दाखवून दिले. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन यांना या क्षेत्रातील पायाभूत कार्यासाठी मिळाले.

चूक झाली काय, किती झाली आणि कशामुळे झाली, या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठी शास्त्रज्ञांची जवळजवळ तीस वर्षे खर्ची पडली. प्रगतिपुस्तक हाती आल्यावर पालकांनी व विद्यार्थ्यांनी पहिल्याच प्रश्नावर थांबू नये.