सामूहिक वनहक्क : जंगलातील बांबू ग्रामसभेने कसा तोडावा आणि कसा विकावा

तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल किंवा दावा करायचा असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. हक्काचा कागद मिळाल्याने पैसे मिळत नाहीत. ग्रामसभेने स्वतः नियमाने तोड केली, स्वतःचा वाहतूक परवाना दिला आणि हिशेब ठेवला, तरच उत्पन्न गावात राहते आणि जंगलही टिकते.

कायदा काय सांगतो?

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ नुसार परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर गावाची मालकी आहे. ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क गावाला आहे. गौण वनोपजात पुढील वस्तू येतात :

• बांबू आणि वेत
• तेंदूपाने
• मध, मेण, लाख, कोसा
• औषधी वनस्पती, कंदमुळे

सागासारखे इमारती लाकूड यात येत नाही. हा हक्क कोणालाही विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

मेंढा (लेखा) गावाचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकता येईना. जुन्या वन कायद्यात बांबू 'झाड' मानला जात होता, त्यामुळे वाहतूक परवाना मिळत नव्हता. परवान्याशिवाय माल गावाबाहेर नेता येत नाही आणि खरेदीदारही येत नाही.

देवाजी तोफा यांच्यासह गावकऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. आता गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते. या वनोपजावर स्वामित्वधन किंवा शुल्क घेता येत नाही.

दावा कसा करावा?

१. ग्रामसभा बोलवा. किमान निम्मे सदस्य हजर हवेत. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात.
२. १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती निवडा. तिच्यातही किमान एक तृतीयांश महिला असाव्यात.
३. सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ब' आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना 'क' भरा. दोन्ही नमुने विनामूल्य मिळतात.
४. किमान दोन पुरावे जोडा. निस्तार हक्काची नोंद, जुने नकाशे, देवस्थान, चराईची जागा, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात.
५. ग्रामसभेच्या ठरावासह दावा उपविभागीय स्तरीय समितीकडे द्या. अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.

उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो.

बांबू कसा तोडावा?

बांबूच्या बेटाला दरवर्षी पावसाळ्यात नवे कोंब येतात. त्यांना पूर्व विदर्भात वास्ते म्हणतात. कोवळे बांबू सगळे तोडले तर बेट मरते. म्हणून :

• जून ते सप्टेंबर तोड बंद ठेवा.
• दोन वर्षांपेक्षा लहान बांबू तोडू नका. तीन वर्षांचा बांबू पक्व असतो.
• प्रत्येक बेटात काही पक्व बांबू राखा. नव्या कोंबांना त्यांचाच आधार असतो.
• जमिनीपासून साधारण एक वीत उंचीवर, पेराच्या लगेच वर कापा. कंद खणू नका.
• जंगलाचे तीन-चार भाग पाडा आणि दरवर्षी एकाच भागात तोड करा.
• बांबू एकदम फुलला की बेट वाळते. बी पडेपर्यंत थांबा, मग वाळलेला बांबू काढा. नवी रोपे चराई आणि वणव्यापासून जपा.

विक्री कशी करावी?

• तोडीपूर्वी समितीने किती बांबू निघेल याची मोजणी करावी.
• गावातील घरबांधणी, कुंपण आणि सूप-टोपल्या विणणारे बुरूड कारागीर यांची गरज आधी वेगळी काढावी.
• उरलेल्या मालासाठी जाहीर निविदा काढा. कागद गिरणी, अगरबत्तीच्या काड्या, फर्निचर अशा वेगवेगळ्या कामांसाठी खरेदीदार असतात. एकाच ठेकेदारावर अवलंबून राहू नका.
• दर, मोजमाप, पैसे देण्याची तारीख आणि अनामत रक्कम लेखी करारात असू द्या.
• कोऱ्या परवान्यावर कधीही सही करू नका. प्रत्येक परवान्याची स्थळप्रत ग्रामसभेकडे ठेवा.

पैसे कोणाचे?

पैसे ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा करा. तोडणाऱ्यांची मजुरी आधी द्या. उरलेली रक्कम जंगल राखण्यासाठी आणि गावाच्या कामासाठी कशी वापरायची, हे ग्रामसभेत ठरवा. परवाने, उत्पन्नाचा वापर आणि व्यवस्थापन आराखड्यातील बदल याबाबत समितीचा प्रत्येक निर्णय ग्रामसभेने मंजूर करावा लागतो. हिशेब वाचून दाखवण्याची मागणी कोणताही सदस्य करू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या शेतातील बांबूसाठी हे नियम लागू आहेत का?
नाही. भारतीय वन अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरील बांबू त्या कायद्याखाली 'झाड' राहिलेला नाही.

आम्ही आदिवासी नाही. आम्हाला हक्क मिळतो का?
मिळू शकतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तुमचे कुटुंब मुख्यतः जंगलात राहत असावे आणि उपजीविकेसाठी जंगलावर अवलंबून असावे.

ठेकेदार आगाऊ रक्कम देतो आहे. घ्यावी का?
आधी ग्रामसभेत विषय मांडा. ठराव आणि लेखी करार झाल्याशिवाय कोणीही एकट्याने रक्कम घेऊ नये. घेतलेल्या आगाऊ रकमेमुळे कोवळा बांबू तोडण्याचा दबाव येतो, आणि ते नुकसान गावाला पुढची अनेक वर्षे सोसावे लागते.