शोध लागणे आणि शोध लावणे

मराठीत आपण शोध घेतो, शोध लावतो, आणि कधीकधी आपल्याला शोध लागतो. पहिल्या दोन ठिकाणी कर्ता माणूस आहे. तिसऱ्या ठिकाणी शोधच कर्ता होऊन बसतो, माणसाकडे नुसती चतुर्थी उरते. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे बहुधा ‘लावला’ असं लिहून मोकळे होतात. २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलची हकीकत मात्र तेवढ्याने भागत नाही.

पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा एकत्र अभ्यास म्हणजे प्रोटिऑमिक्स. ‘प्रोटिओम’ हा शब्द १९९४चा, मार्क विल्किन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाचा. पण प्रथिनं मोजायची तर आधी ती तोलता आली पाहिजेत. तोलण्याचं यंत्र जुनंच होतं. केंब्रिजमध्ये अ‍ॅस्टनने १९१९ मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ बांधून निऑनचे समस्थानिक वेगळे केले होते. कणाला विद्युतभार द्यायचा, निर्वातात पळवायचं, आणि तो कसा पळतो यावरून त्याचं वस्तुमान काढायचं. निऑन मुळात वायूच, त्यामुळे तिथे अडलं नाही. प्रथिनाचं काय करणार? अंडं तव्यावर टाका. पांढरं आधी घट्ट होतं, मग करपतं. वाफ होऊन काही उडत नाही. मोठा रेणू न मोडता हवेत उचलायचा कसा, इथे गाडं कित्येक वर्षं अडलं होतं.

क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका नावाचा तरुण होता. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं, पदवीपुरतं. लेसरची ऊर्जा झटकन शोषून घ्यावी म्हणून कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड वापरायची, ही कल्पना त्याच्या गटातल्या एका सहकाऱ्याची. १९८५च्या फेब्रुवारीत त्या पुडीत अ‍ॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन पडलं. पूड महाग, टाकवेना. ग्लिसरीन निर्वातात उडून जाईल असा हिशोब करून त्याने ते मिश्रण यंत्रात ठेवलं, लवकर सुकावं म्हणून लेसर चालू ठेवला, आणि सुकेपर्यंत पडद्याकडे बघत बसला. तिथे अखंड रेणूची खूण उमटली. पुढे हा गट सुमारे ३४,००० डाल्टनच्या प्रथिनापर्यंत पोचला. १९८७ मध्ये जपानमधल्या परिषदांत त्यांनी हे मांडलं, इंग्रजी निबंध १९८८ मध्ये आला. कंपनीने यंत्रही बाजारात आणलं. विकलं गेलं एकच, कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेला.

ही गोष्ट लोक ‘भाग्यवान चूक’ म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. चुकीने फक्त मिश्रण दिलं. ते फेकून न देणं, आणि पडद्यावरची ती खूण यंत्राची कुरकुर समजून सोडून न देणं, ही दोन्ही माणसाचीच कामं होती. तेव्हा इथे नुसतं ‘लागला’ म्हणूनही चालत नाही.

आता जर्मनीकडे वळू. फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मिखाएल कारास हे दोघे वर्षानुवर्षं याच वाटेवर होते. ट्रिप्टोफॅन लेसरचा प्रकाश शोषतं, अ‍ॅलानिन फारसं शोषत नाही. पण दोन्ही मिसळली तर ट्रिप्टोफॅनच्या खांद्यावर बसून अ‍ॅलानिनही उडतं, हे त्यांनी १९८५ मध्येच दाखवलं. या उचलणाऱ्या पदार्थाला त्यांनी मॅट्रिक्स म्हटलं. १९८८ मध्ये निकोटिनिक आम्ल वापरून ते ६७,००० डाल्टनच्या अल्ब्युमिनपर्यंत गेले. आज जगभर प्रयोगशाळांतून जी ‘माल्डी’ पद्धत चालते ती त्यांची आहे. कोबाल्ट आणि ग्लिसरीन आता क्वचितच कोणी वापरतं.

पारितोषिक मात्र तानाकाला. त्याच्याबरोबर इलेक्ट्रोस्प्रेचे जॉन फेन. उरलेला अर्धा वाटा कुर्ट व्यूथरिख यांना, वेगळ्याच तंत्रासाठी. तीनच नावांचा नियम, जागा भरल्या. (फेन यांचं ते महत्त्वाचं काम सत्तरीच्या उंबरठ्यावरचं. वयाच्या नियमाने येल विद्यापीठाने त्यांना निवृत्त केलं ते ऐन त्याच दिवसांत. सभागृहातल्या माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं!) जर्मनीत नाराजी झाली, आणि ती गैर नव्हती.

अखंड प्रथिन लेसरने उचलता येतं, हे पहिल्यांदा कोणी दाखवलं, असा निवड समितीचा प्रश्न होता. हा सातबाऱ्याचा प्रश्न झाला: आधी नाव कोणाचं लागलं? त्या प्रश्नाचं तानाका हे उत्तर बरोबरच आहे. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. ‘हे होऊ शकतं’ हे कळणं हे एक ज्ञान. ‘हे कशामुळे होतं, आणि म्हणून कोणालाही कुठेही करता येईल’ हे दुसरं. तानाकाच्या गटाने पहिलं दिलं. मॅट्रिक्स ही संकल्पना दुसऱ्या जातीची आहे, आणि शास्त्र चालतं ते तिच्यावर. मग दुसरं देणाऱ्यांना नुसतं ‘सुधारणा करणारे’ म्हणायचं? मला विचाराल तर १९८५च्या त्या ट्रिप्टोफॅनच्या निबंधात शोध अर्धा लागलेलाच होता, फक्त प्रथिन अजून उडालं नव्हतं. पुरस्काराला असा अर्धा शोध दिसत नाही. इतिहासकाराला दिसायला हवा.

निरोप आला तेव्हा तानाका ४३ वर्षांचा होता. डॉक्टरेट नाही. पत्रकारांसमोर तो कंपनीच्या कामाच्या गणवेशातच आला. पुढेही त्याच कंपनीत राहिला. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. अल्झायमरशी संबंधित अमिलॉइड मेंदूत साठलं आहे का, हे रक्तातल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून ओळखण्याविषयी. लेखकांत तानाकाचं नाव आहे. आणि त्यात वापरलेल्या मोजमापाच्या पद्धतीत ‘मॅट्रिक्स’ हा शब्द आहे, हिलेनकाम्प आणि कारास यांचा.