पाण्यावरील शिस्तीचा इतिहास

नौकाशर्यत पाहण्यासाठी आपण नदीकाठी उभे राहतो, तेव्हा आपले लक्ष वल्ह्यांच्या लयीकडे, सुकाणूवाल्याच्या आरोळीकडे आणि कोणती नौका पुढे सरकते याकडे असते. परंतु नौका पाण्यात लोटण्यापूर्वी धक्क्यावर एक लहानसा विधी होत असतो. त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. एक अधिकारी नौकेच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, बसवलेला रबरी चेंडू दाबून पाहतो. मग तो वाकून खेळाडूंच्या बुटांच्या टाचांना बांधलेल्या दोऱ्या ओढून पाहतो. चेंडू लिंबाएवढा आणि दोरी वीतभरही नाही. आज आम्ही या चेंडूची आणि या दोरीची कथा सांगणार आहोत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या वस्तूंमागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सगळाच आनंदाचा नाही.

नौकाशर्यतीचे नियम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार न्यायाचा : कोणी कोणाची वाट अडवू नये, सर्वांनी एकाच क्षणी निघावे, पंचाचा शब्द अखेरचा मानावा. दुसरा प्रकार जिवाचा : शर्यतीत उतरलेला माणूस घरी परत यावा. आपल्याला वाटेल की दुसरा प्रकार आधी जन्मला असेल. इतिहास मात्र उलटे सांगतो.

'रेगाटा' हा शब्द व्हेनिसचा असला, तरी या खेळाच्या नियमांची जडणघडण मुख्यतः लंडनच्या थेम्स नदीवर झाली. त्या काळी लंडनमध्ये पूल थोडे होते आणि माणसांची ने-आण नावाडी करीत. अननुभवी नावाड्यांच्या हातून उतारूंचे प्राण जात, म्हणून १५५५ साली पार्लमेंटने कायदा करून नावाड्यांवर देखरेख करणारी मंडळी नेमली आणि उमेदवारीची पद्धत घालून दिली. पुढे १७१५ साली थॉमस डॉगेट नावाच्या नटाने, पहिल्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ, नुकतीच उमेदवारी पुरी केलेल्या तरुण नावाड्यांची शर्यत सुरू केली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंतच्या या शर्यतीत जिंकणाऱ्याला अंगरखा आणि चांदीचा बिल्ला मिळे. ती शर्यत आजतागायत चालू आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नावेत बसणाऱ्या उतारूच्या जिवाची काळजी सोळाव्या शतकातच कायद्याने घेतली. पण जो हौसेने, स्वतःच्या मर्जीने पाण्यात उतरतो, त्या स्पर्धकाची काळजी घेणे हे कोणाचेच काम नव्हते. तो आपल्या जिवावर उदार झाला आहे, अशी समजूत होती.

न्यायाचे नियम मात्र झपाट्याने आले. त्याला कारणही तसेच होते : शर्यतींवर पैजा लागत, आणि पैसा आला की भांडण आलेच. जुन्या शर्यतींत प्रतिस्पर्ध्याच्या नौकेवर आपली नौका घालणे, त्याची वल्ही अडकवणे हा डावपेचाचाच भाग समजला जाई. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची पहिली शर्यत १० जून १८२९ रोजी हेन्ले येथे झाली. ती सुरू होताच नौका एकमेकींवर आल्या, आणि शर्यत पुन्हा सुरू करावी लागली. १८३९ साली हेन्लेची प्रसिद्ध स्पर्धा सुरू झाली. १८४९ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या विद्यापीठांच्या शर्यतीचा निकाल तर नियमभंगावरच लागला आणि विजय ऑक्सफर्डला देण्यात आला. अशा अनुभवांतून मंडळींनी एकत्र बसून नियम ठरवले, व १८७२ साली ते सुधारून घेतले. प्रत्येक नौकेने आपल्या पाण्यात राहावे, दुसऱ्याच्या पाण्यात शिरून जो धडक देईल तो दोषी, हे त्यांचे सार.

इकडे न्याय पक्का होत होता आणि तिकडे नौका अधिकाधिक धोक्याच्या होत चालल्या होत्या. पूर्वीची नाव रुंद, जड आणि स्थिर असे. १८४० नंतरच्या दशकात वल्ह्यांचे टेकू नावेच्या कडेवरून बाहेर, लोखंडी बाहूंवर गेले. त्यामुळे नाव अरुंद करता आली. पुढच्या दशकात तळाचा कणा बाहेरून दिसेनासा झाला आणि नावेचे अंग गुळगुळीत झाले. १८७३ साली विद्यापीठांच्या शर्यतीत सरकती बैठक आली. आज आठ जणांची नौका सुमारे साडेसतरा मीटर लांब असते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तिचे किमान वजन अवघे ९६ किलो असते. एकट्याच्या नौकेचे तर १४ किलो. हातात वल्ही आहेत तोवर ही नौका तरते. वल्ही सोडली की ती कलंडलीच. शिवाय वल्हवणारा ज्या दिशेला जातो तिकडे त्याची पाठ असते. पुढे काय आहे ते त्याला मान वळवल्यावाचून दिसत नाही. वेग दुप्पट आणि दृष्टी उलटी, असा हा मामला आहे.

आता जिवाच्या नियमांकडे वळू. त्यांतील पहिला नियम पोहण्याचा. ईटन हे इंग्लंडातील नामांकित विद्यालय थेम्सच्या काठी आहे. तेथील मुले पिढ्यान् पिढ्या नावा वल्हवीत आली होती. पण १८४० पर्यंत विद्यालयाच्या लेखी वल्हवणे अस्तित्वातच नव्हते. ते अधिकृतपणे मान्य नव्हते, आणि प्रत्यक्षात सर्वांना ठाऊक होते. नदीकडे जाणारा मुलगा गुरुजी दिसताच आडोशाला लपे, आणि गुरुजी त्याला न पाहिल्यासारखे करीत. १८४० साली एक विद्यार्थी बुडून मेला, तेव्हा हे नाटक संपले. विद्यालयाने वल्हवणे मान्य केले आणि त्याबरोबर अट घातली : पोहण्याच्या परीक्षेत उतरल्यावाचून कोणीही नावेत पाय ठेवू नये. या प्रसंगातील बोध आम्हांला फार मोलाचा वाटतो. जी गोष्ट आपण चालू आहे असे कबूलच करीत नाही, तिला नियम लावता येत नाही. डोळेझाक ही परवानगीपेक्षाही घातक असते, कारण परवानगीला निदान अट घालता येते.

दुसरा नियम त्या रबरी चेंडूचा. केंब्रिजजवळची कॅम नदी इतकी अरुंद आहे की तिच्यात दोन नौका शेजारी-शेजारी धावू शकत नाहीत. म्हणून तेथे शर्यतीची निराळीच रीत पडली. नौका एकामागे एक, ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या. तोफ झाली की प्रत्येकीने पुढच्या नौकेला गाठून टोचायचे आणि मागच्या नौकेपासून स्वतःला वाचवायचे. टोचले की जिंकलात. म्हणजे जी धडक अन्यत्र गुन्हा ठरली, ती येथे खेळाचे ध्येयच होती. १८८८ च्या वसंतापूर्वीच्या शर्यतीत क्लेअर कॉलेजच्या नौकेवर मागून एक नौका आली. तिची भाल्यासारखी नाळ एका तरुणाच्या छातीत शिरली आणि तो गतप्राण झाला. त्यानंतर प्रत्येक नौकेच्या नाळेवर रबरी चेंडू बसवण्याचा दंडक आला. आज जगातील कोणत्याही मान्यताप्राप्त शर्यतीत या चेंडूवाचून नौका पाण्यात जाऊ शकत नाही. किमान चार सेंटिमीटर व्यासाचा तो चेंडू म्हणजे, खरे पाहता, त्या मुलाचे स्मारकच होय.

तिसरा नियम टाचेच्या दोरीचा. आधुनिक नौकेत बूट फळीला कायमचे जोडलेले असतात. नौका उलटली आणि पाय बुटांत अडकले, तर उत्तम पोहणाराही डोके खाली घेऊन लटकत राहील. म्हणून बुटाची टाच फळीला आखूड दोरीने बांधतात. पाय ओढला की दोरी टाच धरून ठेवते आणि पाय बुटातून आपोआप सुटतो. त्याच न्यायाने, नौकेच्या पुढील भागात आडवे पडून सुकाणू धरणाऱ्याच्या जागेचे तोंड किमान ७० सेंटिमीटर लांब असले पाहिजे, असा दंडक आहे. अडकणारा माणूस हाताच्या मदतीवाचून सुटला पाहिजे, हे यामागचे तत्त्व.

चौथा नियम सर्वांत अलीकडचा. नौका बुडण्याचे प्रसंग विद्यापीठांच्या शर्यतीत अनेकदा आले. १९१२ साली दोन्ही नौकांत पाणी भरले आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. १९५१ साली ऑक्सफर्डची, १९७८ साली केंब्रिजची नौका बुडाली. मागे-पुढे मोटारनौका होत्या, म्हणून लोकांनी ते प्रसंग गंमत म्हणून लक्षात ठेवले. परंतु २९ डिसेंबर २००० रोजी स्पेनमधील एब्रो नदीवर सरावाच्या वेळी वादळी वाऱ्यात आठ जणांची एक नौका पाण्याने भरली. खेळाडू किनाऱ्याकडे पोहू लागले, आणि त्यांतील एक ऑक्सफर्डचा विद्यार्थी बुडाला. त्याच्या आईवडिलांनी पुढे वर्षानुवर्षे एकच मागणी लावून धरली : पाण्याने भरलेली नौकासुद्धा खेळाडूंना तोलून धरील इतकी बंद हवा तिच्या पोटात हवी. १ जानेवारी २००७ नंतर बांधलेल्या नौकांवर, ती तशी आहे की नाही हे लिहिलेली पट्टी असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. 'नौका सोडू नका, तिला धरून राहा' हा उपदेश जुनाच आहे. पण धरून राहण्याजोगी नौका बांधण्याची जबाबदारी मान्य व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

हे सर्व परदेशातले झाले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे. कलकत्त्याचा वल्हवणाऱ्यांचा क्लब १८५८ सालचा, मद्रासचा १८६७ चा, आणि आपल्या पुण्यातील रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ साली सुरू झाला, आणि तेथील विद्यार्थ्यांचा रेगाटा पाहायला काठावर लोटलेली गर्दी पुणेकरांना ठाऊक आहे. मुळा-मुठेचा प्रवाह, पावसाळ्यातील फुगवटा आणि पुढे त्यांत माजलेली जलपर्णी, या तिन्हींशी या मुलांना झगडावे लागले आहे.

आणि इशाराही दूर देशातून यायचे कारण उरलेले नाही. २१ मे २०२२ रोजी कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात शालेय स्पर्धेसाठी सराव चालू असता कालबैशाखीचे वादळ आले, नौका उलटली, आणि दोन शाळकरी मुले बुडाली. त्यानंतर काही काळ सराव बंद ठेवण्यात आला, आणि बचावनौका, हवामानाची आगाऊ सूचना, पोहण्याची परीक्षा यांची चर्चा झाली. श्रोतेहो, यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. पोहण्याची परीक्षा तर ईटनमध्ये १८० वर्षांपूर्वीच आली होती.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे अवर्षणाचे गाव. तेथील दत्तू भोकनळ विहिरी खणीत असे. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हे आले, आणि आरंभी त्याला पाण्याची भीती वाटे. तोच २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला, आणि २०१८ साली पालेमबांग येथे चौघांच्या नौकेत आशियाई सुवर्णपदकाचा मानकरी झाला. ज्या गावांत पोहायला पाणीच नाही, त्या गावांतून आपले उद्याचे खेळाडू यायचे आहेत. त्यांचे बळ आणि जिद्द पाहून त्यांना थेट नौकेत बसवण्याचा मोह होईल. तो मोह आवरणे म्हणजेच नियम.

स्पर्धा भरवणाऱ्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. पोहता येते असे तोंडी सांगणे पुरेसे मानू नये, पाण्यात पाहावे. नौका पाण्यावर असेतो बचावनौका पाण्यावरच असावी, धक्क्याला बांधलेली नसावी. कोणत्या बाजूने जायचे आणि कोणत्या बाजूने परतायचे, हे सरावातही ठरलेले असावे, कारण टकरी शर्यतीपेक्षा सरावात अधिक संभवतात. आणि आभाळ भरून आले, तर पाहुणे खुर्चीत बसलेले असोत, मंडप उभा असो, शर्यत थांबवण्याचा अधिकार एका माणसाला असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. लाल निशाण वर करायला वल्हे मारण्याहून कमी धैर्य लागत नाही.

न्यायाचा नियम मोडला तर शर्यत पुन्हा घेता येते. १८२९ साली घेतली, १९१२ साली घेतली. जिवाचा नियम मोडला, तर पुन्हा घेण्यासारखे काही उरत नाही. आजवर या नियमांतील जवळजवळ प्रत्येक ओळ कोणीतरी बुडाल्यावर लिहिली गेली. पुढची ओळ तरी आपण आधी लिहावी. पुढच्या वर्षी नदीकाठी जाल, तेव्हा विजेत्यासाठी टाळ्या अवश्य वाजवा. पण त्याआधी क्षणभर धक्क्याकडे पाहा. तेथे कोणीतरी वाकून एक दोरी ओढून पाहत असेल. तो दिसला नाही, तर त्याच्याविषयी विचारा.