बिबवेवाडीचा नकाशा कोणासाठी?

पुण्यातल्या बिबवेवाडीतला रहिवासी आज मोबाइलवर आपल्या इमारतीखालची जमीन शोधतो तो सर्व्हे नंबरावरून, आणि या नंबराची पद्धत शेतसाऱ्यासाठी सुरू झालेली आहे. पुणे जिल्ह्यात ब्रिटिश अधिकारी प्रिंगलने केलेली पहिली मोजणी १८३० च्या सुमारास फसली. निव्वळ उत्पन्नाचे त्याचे गणित बारीक होते, पण खालून आलेली माहिती भरवशाची नव्हती. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पद्धत सोपी केली, शेतांना नंबर दिले आणि शेतसाऱ्याचा आकार तीस वर्षांसाठी ठरवून टाकला. तेहतीस फुटी साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा. पुण्याभोवतालच्या हवेली तालुक्यातली शेते शहरात आली, तरी सौदे गुंठ्यातच होत राहिले. हा नकाशा सरकारने वसुलीसाठी काढला होता. त्यात रयतेला स्थान होते ते खातेदार म्हणून, मत देणारा म्हणून नव्हे.

मत देण्याची सोय आली ती नगररचनेच्या कायद्यांतून. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. माझ्या मते लोकसहभागाचा कणा हीच सक्ती आहे, संकेतस्थळ नव्हे. आणि तोही कणा किती लवचिक आहे ते पुण्याने पाहिले. २०१३ च्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. बिबवेवाडीच्या टेकडीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम. म्हणजे समोच्चरेषा थोडी सरकली की जमिनीचे मोल पालटते. नागरिकाला पडद्यावर दिसतो तो झोनचा रंग; उतार कोणी, कधी, कसा मोजला हे त्या रंगातून कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी नकाशाच्या नकलेसाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागत, आता तो घरबसल्या दिसतो, हे थोडे झाले का? थोडे नाहीच. पण सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावरचा विनास्वाक्षरीचा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, कायदेशीर कामाला तो चालत नाही. पाहणे आणि हक्क यांतले अंतर तिथे सरकारच मान्य करते. दुसरा आक्षेप असा, की सामान्य माणसाला नकाशातले काय कळणार. त्याला उत्तर पुण्यातच आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या शेल्टर असोसिएट्सने वस्त्यांतल्या रहिवाशांना बरोबर घेऊन घराघराची माहिती जमवली, ती जीआयएसवर चढवली आणि शौचालयांच्या नियोजनासाठी वापरली. आपल्या गल्लीत काय नाही, हे तिथल्या बाईइतके कोणत्याही सर्वेक्षकाला ठाऊक नसते.

तेव्हा पुढचा आराखडा येईल त्या वेळी बिबवेवाडीकरांनी नुसता स्पष्ट नकाशा मागून थांबू नये. प्रत्येक हरकतीपुढे सर्व्हे नंबर, दिलेला निर्णय आणि त्याचे कारण नकाशाच्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे, अशी लेखी मागणी हरकतींच्या मुदतीतच करावी.